बत्ताशीचा नमस्कार

“मग हा नमस्कार नाही, तर काय आहे, बुवा?”

प्रल्हादने विचारलं. आवाज नम्र होता. मान मात्र ताठ होती.

भानबुवा खाली फरशीकडे बघत होते. नवी फरशी होती, काळी, गुळगुळीत. समईची ज्योत तिच्यात दिसत होती.

सकाळची आरती नुकतीच झाली होती. पादुकांसमोर, उंबऱ्याच्या अलीकडे, बत्ताशी कुत्री पडून होती. तिचं अंग ओलं होतं.

“हा नमस्कार नाही,” एवढंच बुवा मघाशी म्हणाले होते.

ते प्रल्हादला लागलं होतं.

आमचं हे दत्ताचं देऊळ नदीकाठी आहे. घाटाच्या पायऱ्या चढून आलं की सभामंडप, त्याच्या एका कडेला धुनी, मागे मठाच्या दोन खोल्या. भानबुवा तिथेच राहत; धुनीची लाकडं बघायला मीही. बत्ताशी त्यांची कुत्री. कोणीतरी पोत्यात घालून नदीवर सोडलेलं पिल्लू त्यांनी झोळीतून वर आणलं होतं. पांढरं, गोल. म्हणून बत्ताशी.

दत्ताच्या पायाशी कुत्री असतात. त्यामुळे देवळात तिला कधी कोणी हाड म्हटलं नाही. बुवा नदीवर निघाले की ती त्यांच्या आधी घाट उतरून जायची आणि पाण्याला तोंड लावून परत वर यायची, ते अजून निम्म्यातच असायचे.

मग बुवा नर्मदेच्या परिक्रमेला गेले. जाताना देवळाच्या किल्ल्या शिष्याच्या, म्हणजे प्रल्हादच्या हातात दिल्या, आणि बत्ताशीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. परत आले ते काही वर्षांनी, कालच्या दिवेलागणीला.

प्रल्हाद शिकलेला. पाठशाळेत राहून आलेला. पोथी सांगायला बसला की बायका पदर डोळ्यांना लावत. बुवांच्या मागे त्याने देऊळ नुसतं सांभाळलं नाही, वाढवलं. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मातीच्या जमिनीवर फरशी आली. लोक आधी पादुकांसाठी येत, मग प्रल्हादच्या प्रवचनासाठी येऊ लागले.

शेवटी बत्ताशीसाठी येऊ लागले.

कारण बत्ताशी नमस्कार करायची.

आरतीला घंटा वाजली की ती उठायची आणि उंबऱ्यापाशी यायची. थोडा वेळ उभी राहायची. मग पुढचे दोन्ही पाय लांब पसरत जायचे, मान खाली यायची, हनुवटी फरशीला टेकायची, आणि मागचं अंग तसंच वर उभं राहायचं. आरती संपेपर्यंत कधी कधी ती तशीच असायची. मग हळूच एका बाजूला पडायची.

लोक हात जोडायचे. काही जण रडायचे.

परवावर दत्तजयंती आली होती. पालखीपुढे बत्ताशी चालणार, घाटाच्या पायऱ्या चढून येणार आणि पादुकांना नमस्कार करणार, असं प्रल्हादने पत्रिकेत छापलं होतं. वर तिचा फोटो होता, गळ्यात झेंडूची माळ. पत्रिका आसपासच्या सगळ्या गावांत गेल्या होत्या.

बुवांनी आशीर्वाद द्यावा, एवढंच राहिलं होतं.

आणि बुवा म्हणाले होते, हा नमस्कार नाही.

“कधीपासून करते?” बुवांनी विचारलं.

“फरशी बसवली त्या महिन्यापासून,” प्रल्हाद म्हणाला. “देवळाचं रूप पालटलं, आणि तिच्यातला भाव जागा झाला. मी प्रवचनात हेच सांगतो.”

बुवांनी काठी पुढे टेकवली. काठी सरकली. त्यांनी ती मागे घेतली आणि भिंतीला लावून ठेवली.

“ओली का आहे?”

प्रल्हादला हा प्रश्न आवडला. पादुकांसमोर यायचं तर शुचिर्भूत होऊनच यावं, म्हणून तो रोज पहाटे तिला नदीवर आंघोळ घालत होता. पहिल्यांदा ती पळायची, आता पळत नाही, उभी राहते. आणि बुवा, तो म्हणाला, आंघोळ झाली की तिच्या अंगाला जो कंप सुटतो, तो तुम्ही बघायला हवा. ग्रंथात सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यातलाच हा कंप. मी डोळ्यांनी बघतो रोज.

मार्गशीर्षातली सकाळ होती. माझ्या अंगावर घोंगडी होती.

प्रल्हाद सांगत राहिला. आता ती भुंकत नाही, मौन धरलं आहे. कोणाच्या मागे धावत नाही, आसक्ती गेली आहे. एके काळी सारा दिवस उंडारायची, आता तासन् तास एका जागी बसून असते. पूर्वी धुनीच्या राखेत लोळायची, तिथून उठवून तिची जागा उंबऱ्याजवळ केली, म्हणजे तोंड सतत पादुकांकडे राहील. सुरुवातीला पुन्हा पुन्हा धुनीकडे जायची. तिला हळूहळू वळण लावलं.

बुवा ऐकत होते.

“एवढंच नाही,” प्रल्हाद म्हणाला. “स्वयंपाकघरातली चिंगी आठवते? तुमच्या वेळी दूध झाकून वर दगड ठेवावा लागायचा. आता पातेलं फळीवर उघडं असलं तरी मान वर करून बघत नाही. मांजराची जात, बुवा. पण आश्रमात राहून तीही सात्त्विक झाली.”

बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागलं. ते स्वयंपाकघरात गेले. प्रल्हाद मागे गेला. मी दारात उभा राहिलो.

चिंगी चुलीशेजारी पाय पोटाशी घेऊन बसली होती. म्हातारी झाली होती. पाठीवरचे केस गुंतून त्यांच्या गाठी झाल्या होत्या, जीभ तिथवर पोचत नसावी.

बुवांनी फळीवरचं पातेलं काढलं. वाटीत दूध ओतलं. मग ती वाटी त्यांनी खाली जमिनीवर ठेवली.

चिंगी उठली. आधी पुढचे पाय, मग थांबून मागचे. वाटीपाशी आली, आणि पिऊ लागली. वाटी संपली. तिने वाटी चाटली. वाटीबाहेर सांडलेला थेंब चाटला. मग बुवांकडे बघत राहिली.

बुवांनी पुन्हा ओतलं. तेही गेलं.

“फळी तीच आहे ना, प्रल्हाद?”

“हो बुवा. तीच.”

“मग उंच झाली असेल.”

प्रल्हाद हसला. बुवांचा विनोद त्याला आवडायचा.

मग त्याचं हसणं तोंडावरच थांबलं.

तो चिंगीकडे बघत होता… फळीकडे बघत होता… आणि मग मान वळवून बाहेर, सभामंडपाकडे.

चिंगी वाटी चाटत होती, तेवढाच आवाज.

तो बाहेर आला तेव्हा बत्ताशी उठत होती. घंटा वाजली नव्हती. ऊन धुनीच्या बाजूला आलं होतं आणि तिला तिकडे जायचं होतं. तिने पुढचे पाय टेकले. ते सरकले. पुन्हा टेकले. पुन्हा सरकले, लांब पसरले, आणि तिची हनुवटी फरशीला लागली. मागचं अंग वरच राहिलं.

समोर पादुका नव्हत्या. धुनी होती.

प्रल्हाद तसाच उभा राहिला.

“बस तिच्यापाशी,” बुवा म्हणाले.

तो बसला.

“मागच्या पायावर हात ठेव. वर, कमरेशी.”

“ती हात लावू देत नाही, बुवा. परवा एका बाईंवर गुरगुरली. मी म्हटलं, अनुष्ठानात आहे, तिला शिवू नका…”

बुवांनी बोटाने पुन्हा तिच्या कमरेकडे दाखवलं.

प्रल्हादने हात ठेवला. वरून बत्ताशी गुबगुबीत दिसायची, लोक पेढे घालत, शिरा घालत. हाताला मात्र खालचं हाड लागलं, आणि हाडाशेजारी जिथे मांडी भरलेली असावी तिथे खळगा. सांधा गरम होता. त्याने बोटं थोडी दाबली.

बत्ताशीने चटकन मान वळवली आणि त्याचं मनगट तोंडात धरलं.

मी पुढे झालो. बुवांनी हाताने मला थांबवलं.

तिचे दात त्याच्या कातडीला लागलेले दिसत होते. तिने ते मिटले नाहीत. त्याच्याकडे बघत तिने त्याचा हात आपल्या कमरेवरून उचलला आणि बाजूला ठेवला. एखादी वस्तू बाजूला ठेवावी तसा. मग तिथे एकदा चाटलं.

प्रल्हादला बराच वेळ हात उचलता आला नाही.

“हे ती आज सांगते आहे?” त्याने विचारलं.

“मी कालच आलोय, बाबा,” बुवा म्हणाले. “तू इथे होतास.”

…

तो खाली मान घालून बसला. त्याचे कान लाल झाले होते. एरवी त्याला शब्द शोधावे लागत नसत.

“श्रावणात,” तो म्हणाला, “तिने इथे, सभामंडपात, मुतून ठेवलं होतं. लोक बसले होते. सप्ताह चालू होता.”

बुवा त्याच्याजवळ खाली बसले.

“मी म्हटलं, नेम मोडला. प्रायश्चित्त हवं. मी तिला उपास घडवला, बुवा. दिवसभर. वाटी समोर ठेवून, पाणीसुद्धा… पाणी दिलं. अन्न नाही दिलं. लोकांना सांगितलं, ती स्वतःहून खात नाही. लोकांनी तिच्या पाया पडून घेतलं.”

त्याचा आवाज बारीक झाला.

“तिला उठून बाहेर जाता आलं नसेल.”

धुनीतलं लाकूड सरकलं. मी ते सारखं केलं.

“मला प्रायश्चित्त सांगा,” प्रल्हाद म्हणाला. “कितीही कडक सांगा. अमावस्येपर्यंत अन्न घेत नाही. नाहीतर अनवाणी परिक्रमेला जातो. सांगाल ते.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

“उपास तिचा होऊन गेला,” ते म्हणाले. “तू जेव. आणि जेवलास की तिला उचलून धुनीपाशी ने.”

एवढ्यावर प्रल्हाद थांबला असता तर तो प्रल्हाद नव्हता. त्याला काहीतरी मोठं, लगेच करायचं होतं. तो धावत खोलीत गेला आणि आपल्या कंबरदुखीच्या गोळ्या घेऊन आला. एक गोळी त्याने पेढ्यात खुपसली सुद्धा. या गोळीने मला तासाभरात बरं वाटतं, तिलाही वाटेल, असं म्हणत तो तिच्या तोंडाशी हात नेत होता.

बुवांनी त्याच्या हातातला पेढा काढून घेतला आणि धुनीत टाकला.

“पुन्हा स्वतःलाच विचारलंस,” ते म्हणाले.

दुपारी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मुजावरबाई स्कूटरवरून आल्या. चपला काढून धुनीजवळ बसल्या, बत्ताशीला आधी स्वतःचा हात हुंगू दिला, मग एकेक पाय हळूहळू दुमडून पाहिला. घाई केली नाही. चिंगीलाही बघितलं.

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. सांध्यातली गादी झिजली आहे, हाडाला हाड लागतं, म्हातारपणी माणसांचंही असंच होतं. झिजलेलं परत भरून येत नाही, पण दुखणं पुष्कळ कमी ठेवता येतं. वजन उतरवा, पेढे-शिरा बंद. ऊब हवी, थंड पाणी अजिबात नको. झोपायला मऊ, बसायला कोरडं. चालणं सोडवू नका, पण रोज थोडं थोडं, सपाटीवर. ही फरशी झाका. खाण्याची ताटली थोडी उंच ठेवा, मान वाकवावी लागू नये. मांजरीचं दूध-पाणी खालीच ठेवा, आणि तिला वर चढायला मधे एखादं खोकं ठेवा, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाईल. औषध वजनावर देईन, तेवढंच द्यायचं, आणि महिन्याने मला पुन्हा दाखवायचं.

प्रल्हादने आपल्या गोळ्यांचं विचारलं. खालच्या आवाजात विचारलं.

बाईंनी एकदम वर पाहिलं. माणसांची दुखण्याची गोळी जनावराला कधीच द्यायची नाही, त्या म्हणाल्या. कुत्र्याच्या पोटात जखमा होतात. आणि मांजराला तर त्यातली एखादी गोळी जीवच घेते.

मग त्यांनी सहज विचारलं, “इतके दिवस लंगडत नव्हती का?”

“लंगडत होती,” प्रल्हाद म्हणाला.

“मग तिला आणलं का नाहीत?”

“मला दिसत होतं, बाई. मी त्याला दुसरी नावं दिली होती.”

मुजावरबाईंना ते कळलं नाही. त्या औषधाची पुडी बांधत राहिल्या. ही जनावरं ओरडत नाहीत, त्या म्हणाल्या, म्हणून लोकांना वाटतं दुखत नाही. ती फक्त एकेक गोष्ट करायची सोडून देतात.

त्या गेल्यावर प्रल्हाद बुवांसमोर येऊन उभा राहिला.

“परवा लोक येणार आहेत,” तो म्हणाला. “गावोगावचे. तिच्यासाठी. त्यांना काय सांगू?”

बुवा धुनीतली राख एका बाजूला ओढत होते, बत्ताशीला जागा व्हावी म्हणून.

“आजारी आहे म्हणून सांगू का? यंदापुरतं?” प्रल्हाद म्हणाला. “नाहीतर… तिने नमस्काराचं व्रत पूर्ण केलं, असं सांगता येईल. लोकांना पटेल. देवळाचं नाव राहील.”

बुवांचा हात थांबला.

प्रल्हादला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली आणि तोही बुवांशेजारी बसून राख ओढू लागला.

दत्तजयंतीला जन्म संध्याकाळी होतो. दुपारपासूनच माणसं यायला लागली. घाटावर फुगेवाला बसला होता. पोरं खांद्यावर होती. जो तो वर येऊन आधी एकच विचारत होता, कुत्री कुठे आहे?

सभामंडपात पाय ठेवला की लोक थबकत. काळी फरशी दिसत नव्हती. प्रल्हादने गावातून गोणपाट मागून आणलं होतं आणि उंबऱ्यापासून धुनीपर्यंत, धुनीपासून दारापर्यंत अंथरलं होतं. कडेला विटा ठेवल्या होत्या, सरकू नये म्हणून. लाख मोलाची फरशी झाकून पोती कसली घातली, असं हणमंत टेलर मोठ्याने म्हणाला. फरशीच्या वर्गणीत त्याचाही हातभार होता.

बत्ताशी धुनीपाशी झोपली होती. गळ्यात माळ नव्हती.

पालखी दारात आली. टाळ वाजत होते. लोकांनी बत्ताशीसाठी वाट मोकळी केली आणि ते तिची वाट बघत राहिले.

प्रल्हाद पुढे आला. टाळ थांबले. लोकांना वाटलं प्रवचन आहे, पुढच्या बायका मांडी घालून बसल्या.

त्याने हात जोडले. तोंड उघडलं… आणि शब्द आला नाही.

मी त्याला इतकी वर्षं बघत आलो. असं कधी झालं नव्हतं.

“ती येणार नाही,” तो म्हणाला. “ती नमस्कार करत नव्हती. तिचे पाय सरकत होते. तिला उठताबसता दुखत होतं. मला कळायला पाहिजे होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आधी मला ते खरं वाटत होतं. पण खरं वाटायला मला बरं वाटत होतं, म्हणून मी नीट बघितलं नाही.”

पुढच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“गार पाण्याने मी तिला आंघोळ घालत होतो,” तो म्हणाला. “उपासही घडवला. ती खात नव्हती असं मी सांगितलं, ते तर मला माहीत असून खोटं होतं.”

मागून कोणीतरी हसलं. हणमंत टेलर म्हणाला, मग आता नमस्कार घालणारं दुसरं कुत्रं बघा, पत्रिका तर वाटून झाल्या. दोघंचौघं हसली. हसणं पुढे गेलं नाही.

पुढे गजरामावशी बसल्या होत्या. रोज सकाळी पदराच्या गाठीत पेढा बांधून आणणाऱ्या. त्यांनी बत्ताशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पदराच्या गाठीकडे.

“मी रोज घालत होते तिला,” त्या म्हणाल्या. “मी तर कमरेवर हात फिरवून पाया पडायचे. ती अंग चोरायची. मला वाटायचं, लाजते.”

त्यांनी गाठ सोडली नाही. हातातच धरून बसल्या.

काही माणसं उठून गेली. आम्ही इतक्या लांबून आलो, म्हणत गेली. प्रल्हाद त्यांच्या वाटेतून बाजूला झाला. कोणाला थांबवलं नाही. कोणाकडे वर बघितलं नाही.

बुवा पादुकांपाशी होते. त्यांनी नेहमीसारखी आरती सुरू केली. उरलेली माणसं उभी राहिली. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

घंटा वाजली तेव्हा बत्ताशीने मान उचलली. उठायला लागली, सवयीने. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे गेले.

प्रल्हाद पटकन तिच्याजवळ जाऊन बसला. तिला धरलं नाही. नुसता बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि मान परत खाली ठेवली.

आरती झाली. तबक फिरू लागलं. लोक ज्योतीवर तळवे धरत होते आणि डोळ्यांना लावत होते. बुवांनीही तळवे धरले, जरा जास्त वेळ. मग ते गोणपाटावरून सावकाश चालत धुनीपाशी आले, वाकले, आणि ते गरम तळवे त्यांनी बत्ताशीच्या कमरेवर ठेवले. दाबले नाहीत. नुसते ठेवले.

ती गुरगुरली नाही.

गजरामावशी तबकापाशी गेल्या. तळवे धरून उभ्या राहिल्या. तशाच चालत आल्या, आणि बुवांनी हात काढल्यावर त्यांनी ठेवले.

मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. घाई नव्हती. हणमंत टेलर दाराशी उभा होता. त्याने हात पुढे केला नाही, पण जाताना गोणपाटाची दुमडलेली कड पायाने सारखी करून गेला.

पालखी बत्ताशीशिवाय फिरून आली. सुंठवडा वाटला गेला. माणसं पांगली. गजरामावशी घरी जाऊन एक जुनी गोधडी घेऊन आल्या, बत्ताशीच्या अंगाखाली सरकवली, आणि गेल्या.

सभामंडपात आम्ही तिघं राहिलो आणि ती.

प्रल्हाद अजून तिच्याजवळ होता. बराच वेळ तो ताठ बसून होता. मग हळूहळू पुढे वाकला. आणखी वाकला. त्याचे हात गोणपाटावर लांब झाले, कपाळ खाली गेलं आणि तिच्या पंजाशेजारी टेकलं. त्याच्या पाठीला हुंदक्यांचे झटके बसत होते. आवाज मात्र नव्हता.

बत्ताशीने डोळे उघडले. त्याचा कान चाटला. पुन्हा मिटले.

तेवढ्यात घाटाच्या पायऱ्या चढून एक म्हातारी आली. पलीकडच्या काठच्या गावाहून निघालेली, नाव उशिरा मिळाली म्हणून मागे राहिलेली. तिच्या हातात पत्रिका होती, माळ घातलेल्या बत्ताशीच्या फोटोची. दम लागला होता. कुत्री नमस्कार घालते ते बघायला आले, असं तिने मला सांगितलं, आणि आत डोकावली.

आत बघून ती चकित झाली. तोंडाला पदर लावून तिने बुवांना विचारलं,

“अगं बाई… इथं तर महाराजच कुत्रीला नमस्कार घालतायत?”

बुवा धुनीत लाकूड सरकवत होते.

“नमस्कार नाही तो, माय,” ते म्हणाले. “त्याचं दुखतंय.”